रस्ता हीसुद्धा आरोग्याचीच मागणी

आरोग्याच्या पानावर रस्त्याचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आम्ही दवाखान्यात नोकरी केली ती इंजेक्शने देण्यात, जखमा धुण्यात, बाळंतपणे करण्यात. रस्ता म्हणजे सरपंचाचा, इंजिनिअरचा आणि ठेकेदाराचा विषय, असेच सगळीकडे धरून चालतात. पण ड्रेसिंगच्या खोलीत कोण कोण येते ते एकदा आठवून पाहा. नालीच्या तुटक्या ढाप्यात पाय अडकून घोटा मोडलेली आजी. शाळेतून घरी येताना मोटारसायकलने उडवलेले पोर. चिखलातून अनवाणी चालून पायाची जखम चिघळलेला साखरेचा रुग्ण. कळा सुरू झाल्या, पण गाडी वस्तीत येत नाही, म्हणून दोघींच्या खांद्यावर हात टाकून डांबरी सडकेपर्यंत चालत आलेली गरोदर बाई. या सगळ्यांच्या केसपेपरवर 'फ्रॅक्चर', 'जखम', 'प्रसूतिवेदना' असे लिहिले जाते. 'रस्ता' असे कुणीच लिहीत नाही.

तपासणीच्या कागदावर जे कारण लिहिले जात नाही, त्यावर उपचारही होत नाही. म्हणून या वेळी आपण औषधाच्या गोळीबद्दल नाही, तर वस्तीतल्या रस्त्याबद्दल, पायी चालणाऱ्या माणसाबद्दल आणि त्यासाठी शासनाकडे निधी कसा मागायचा याबद्दल बोलू.

पायी चालणारे किती मरतात?

केंद्र शासनाचे रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी अपघातांचा अहवाल काढते. २०२२ सालच्या अहवालाप्रमाणे त्या वर्षी देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यात पायी चालणारे होते ३२,८२५. म्हणजे पाचातला जवळजवळ एक, दिवसाला सुमारे ९० माणसे. दुचाकीवरचे ७४,८९७ होते. पायी आणि दुचाकीवर जाणारे एकत्र धरले तर मेलेल्या दर १०० माणसांत ६४ हेच निघतात. महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ लोकांचा रस्त्यावर जीव गेला. उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूनंतर आपलाच क्रमांक होता.

हे पायी चालणारे कोण असतात ते वेगळे सांगायला नको. ज्याच्या घरी चारचाकी आहे तो गावातल्या गावातही गाडीनेच जातो. पायी जाते ती मजुरीला निघालेली बाई, शाळेतले पोर, रेशनच्या दुकानावर चाललेला म्हातारा, पाण्याची गुंडी डोक्यावर घेतलेली पोरगी. आपल्या वस्त्यांमधली बहुतेक माणसे अशीच आहेत. रस्ता वाईट असला तर गाडीवाल्याचा टायर फुटतो, पायी चालणाऱ्याचे हाड मोडते.

१ जुलै २०२३ रोजी पहाटे आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटली आणि २५ माणसे होरपळून गेली. सगळा महाराष्ट्र हळहळला, मंत्री धावून आले, चौकशा लागल्या. ते व्हायलाच हवे होते. पण रोज देशात ९० पायी माणसे एकेकटी मरतात, वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या वळणांवर. त्यांच्यासाठी कुणी धावून येत नाही, कारण ती एका जागी एका वेळी मरत नाहीत.

वेगाचा हिशेबही समजून घ्या. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ताशी ५० किलोमीटरने येणाऱ्या गाडीची धडक बसली तर पायी माणसाच्या जिवाला जो धोका असतो, तो गाडी ६५ किलोमीटरने असेल तर साडेचार पटीने वाढतो. फरक फक्त १५ किलोमीटरचा. मोठ्या सडकेवरून गावात शिरणाऱ्या गाडीने तेवढा वेग कमी केला, तर दवाखान्यात येणारे पोर वाचते. तो वेग चालकाच्या दयेवर कमी होत नाही. तो रस्त्याच्या बांधणीने कमी करावा लागतो.

डोणगावसारख्या गावात काय होते

डोणगाव हे मेहकर तालुक्यातले मोठे गाव. मेहकरहून मालेगाव, वाशीमकडे जाणारी जुनी मोठी सडक इथून जाते. समृद्धी महामार्ग होण्याच्या आधी नागपूर-औरंगाबाद वाहतुकीचा हाच नेहमीचा रस्ता होता. अशा गावात दोन प्रकारचे रस्ते असतात आणि दोघांचे रोग वेगळे असतात.

पहिला म्हणजे सडक. तिच्यावरून ट्रक, ट्रॅव्हल्स, ट्रॅक्टर, काळीपिवळी सगळे जाते. एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला शाळा, दवाखाना, बसथांबा किंवा शेत. ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. सडक गुळगुळीत झाली की गाव खूश होते, आणि महिनाभरात पहिला अपघात होतो. कारण सडक सुधारताना गाडीचा वेग वाढतो, पण माणसाने ओलांडायचे कुठून याचा विचार अंदाजपत्रकात नसतो. साइडपट्टी खचलेली असते. डांबराची कड आणि माती यांच्यात वीतभर फरक पडतो. समोरून ट्रक आला की सायकलवाला, पायी बाई त्या कडेवरून खाली घसरते.

दुसरा म्हणजे वस्तीतला रस्ता. इथला रोग निराळा आहे. आपल्या वस्त्यांत गेल्या काही वर्षांत सिमेंटचे रस्ते झाले, ही चांगलीच गोष्ट. पण ते कसे झाले तेही पाहा. जुना रस्ता न खोदता त्याच्यावरच नवा थर टाकला जातो. पाच-सात वर्षांनी आणखी एक थर. रस्ता वर चढत जातो आणि घर खाली राहते. उंबरठ्याच्या वर रस्ता गेला की पहिल्या पावसाचे पाणी चुलीपर्यंत येते. एका वस्तीतली म्हातारी आम्हाला म्हणाली, "बाई, रोड झाला म्हणून पेढे वाटले, आन् आता पानी आलं की गोधड्या खाटेवर टाकून बसतो." त्या घरात ओल धरते, भिंतीला बुरशी येते, लहान लेकरांचा खोकला हटत नाही. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास होतो, तुंबलेल्या नालीत दुसरा डास होतो. हा खर्च त्या रस्त्याच्या बिलात कधी दिसत नाही. तो आपण औषधाच्या दुकानात भरतो.

गरोदर बाईच्या बाबतीत आम्हाला शिकवले जाते की माता दगावण्यामागे तीन उशीर असतात. घरच्यांनी दवाखान्यात न्यायचे ठरवायला लागलेला उशीर, दवाखान्यापर्यंत पोहोचायला लागलेला उशीर आणि तिथे पोहोचल्यावर उपचार मिळायला लागलेला उशीर. पहिल्यावर आशाताई रात्रंदिवस बोलतात. तिसऱ्यावर आपण डॉक्टरांना बोल लावतो. मधला उशीर हा बहुतेक वेळा रस्ता असतो. १०८ ची गाडी २०१४ पासून महाराष्ट्रात फिरते आहे, पण ती वस्तीच्या तोंडाशी येऊन थांबत असेल तर शेवटची दोनशे पावले बाईलाच चालावी लागतात. रक्तस्राव होणाऱ्या बाईला ती दोनशे पावले फार असतात.

शेगावने काय शिकवले

रस्त्यासाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी शहराने शासनाकडे मोठा निधी मागितला आणि तो मिळाला, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. शेगावला गजानन महाराजांच्या समाधीची शताब्दी २०१० साली आली. त्या निमित्ताने शासनाने शेगाव विकास आराखडा हाती घेतला. सुमारे ३६० कोटी रुपयांचा हा आराखडा. त्यात रस्ते रुंद करणे, पाणी, गटारे, वाहनतळ आणि गर्दीतल्या पायी भाविकांसाठी स्कायवॉक अशी कामे होती. काम रखडते म्हणून प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेले.

पायी येणाऱ्या भाविकाची सोय झाली यात वाईट काहीच नाही. लाखो माणसे जिथे चालतात तिथे चालायला जागा हवीच. पण त्याच आराखड्यात मातंगपुरी आणि खळवाडी या वस्त्यांच्या जागेचा प्रश्न उभा राहिला, आणि तिथल्या कुटुंबांना वर्षानुवर्षांची घरे सोडावी लागली. म्हणजे चालणाऱ्यांसाठी निधी आला, पण कोणत्या चालणाऱ्यांसाठी, आणि कुणाची घरे बाजूला करून, हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही.

पुण्यासारख्या मोठ्या महापालिकेचीही गोष्ट वेगळी नाही. कात्रज-कोंढवा रस्ता ८४ मीटर रुंद करायचा ठरले. जागा ताब्यात घ्यायलाच इतका पैसा लागू लागला की रुंदी ५० मीटरवर आणावी लागली आणि महापालिकेला भूसंपादनासाठी राज्य शासनाकडे हात पसरावा लागला. दरम्यान त्या रस्त्यावर माणसे मरत राहिली.

या दोन उदाहरणांतून आम्ही दोन गोष्टी घेतल्या. एक, निधी मागणाऱ्यालाच मिळतो, आणि मागणी कागदावर, आराखड्याच्या रूपात असावी लागते. दुसरी, मागणीचा कागद जो लिहितो त्याचीच सोय आधी होते. तो कागद आपण लिहिला नाही तर दुसरा कुणीतरी लिहितो, आणि त्याच्या नकाशात आपले घर 'अतिक्रमण' म्हणून दाखवले जाते. म्हणून रुंदीकरणाची कुणकुण लागताच घराचा नमुना ८ चा उतारा, घरपट्टीच्या पावत्या, वीजबिले एकत्र करून ठेवा. ग्रामीण भागात शासकीय जागेवरची १ जानेवारी २०११ पूर्वीची राहती घरे नियमित करण्याचे धोरण शासनाने २०१८ मध्ये घेतले आहे. आपल्या वस्तीत कुणाची घरे त्यात बसतात याची यादी आधीच तयार असू द्या.

रस्ता हा हक्क आहे, मेहेरबानी नाही

संविधानाचे कलम १५ आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. त्याच्या दुसऱ्या उपकलमात विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याबरोबर 'रस्ते' हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. जातीच्या कारणाने कुणालाही रस्ता वापरण्यापासून रोखता येणार नाही. हा शब्द तिथे उगाच आलेला नाही. पेशवाईत सार्वजनिक रस्त्यावरून चालायलाही आपल्या पूर्वजांना बंदी होती, हे बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' या आपल्या लिखित भाषणात सांगितले आहे. केरळातल्या वायकोमचा १९२४ चा सत्याग्रह देवळात शिरण्यासाठी नव्हता, देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावे यासाठी होता. चालण्याचा हक्क आपल्याला फुकट मिळालेला नाही.

आज रस्ता उघडा आहे. पण ज्या रस्त्यावरून चालणे म्हणजे हाडे मोडून घेणे, तो अजून पुरता मिळालेला नाही. न्यायालयांनीही आता हेच म्हटले आहे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पायी चालणाऱ्यांना वापरण्याजोगे पदपथ असणे हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने सर्व राज्यांना पायी चालणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी आणि रस्त्यांच्या बांधणीसाठी सहा महिन्यांत नियम करण्यास सांगितले. त्याच महिन्यात, १३ तारखेला, मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने मृत्यू झाल्यास कुटुंबाला ६ लाख आणि जखमीला ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश दिला. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९८अ आले. रस्त्याची बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

हे आकडे पाठ करायची गरज नाही. कागद कापून विहारातल्या फळ्यावर लावा. निवेदन देताना त्यातले एक वाक्य जरी लिहिले तरी समोरचा अधिकारी निवेदन दोनदा वाचतो, हा आमचा अनुभव आहे.

आधी विचारा: हा रस्ता कुणाचा?

निवेदने वाया जाण्याचे सगळ्यात मोठे कारण म्हणजे ती चुकीच्या दारात दिली जातात. ग्रामपंचायत म्हणते हा आमचा रस्ता नाही, बांधकाम खाते म्हणते जिल्हा परिषदेकडे जा. म्हणून पहिले काम हे.

गावातल्या आतल्या गल्ल्या आणि रस्ते ग्रामपंचायतीचे. त्यांची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना २३ च्या नोंदवहीत असते. आपल्या वस्तीचा रस्ता त्यात आहे की नाही ते पाहा. नोंदच नसेल तर निधी मिळणे अवघड, म्हणून आधी नोंद मागा. गावाला गाव जोडणारे ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेचे. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे. राष्ट्रीय महामार्ग असेल तर त्याची यंत्रणा वेगळी. तुमचे गाव नगरपालिकेत असेल, जसे मेहकर, चिखली किंवा खामगाव, तर आतले रस्ते नगरपालिकेचे आणि पत्र मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने.

पैसा कुठे असतो?

ग्रामीण भागात पहिला आधार म्हणजे समाजकल्याण विभागाची अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्तीचा विकास करण्याची योजना. जुन्या लोकांच्या तोंडी ती अजून 'दलित वस्ती सुधार' म्हणूनच आहे. त्यात वस्तीतले अंतर्गत रस्ते, वस्तीपर्यंतचा पोच रस्ता, नाल्या, पाणी, दिवे ही कामे बसतात. वस्तीच्या लोकसंख्येप्रमाणे निधीचा टप्पा ठरतो. ग्रामपंचायत वस्तीचा पाच वर्षांचा बृहत आराखडा करते, तो पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे जातो. आराखड्यात काम नसेल तर पुढची पाच वर्षे कुणाच्याही पाया पडून उपयोग नाही. म्हणून आराखडा कधी होतो यावर डोळा ठेवा, आणि वस्तीची लोकसंख्या कमी दाखवलेली नाही ना ते तपासा. २०२० च्या डिसेंबरात शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायचे ठरवले. ज्या गावात फलक बदलला पण कागदोपत्री जुनेच नाव राहिले, तिथे प्रस्तावात दोन्ही नावे नीट जुळवून घ्या.

नगरपालिका क्षेत्रात याच धर्तीवर नागरी वस्त्यांसाठी लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या नावाची योजना आहे, आणि शहरातल्या सर्वसाधारण रस्त्यांसाठी राज्याचे नगरोत्थान अभियान आहे.

पण एक गोष्ट ठासून सांगतो. अनेक गावांत असे होते की वस्तीतले काम फक्त वस्तीच्या निधीतून, आणि वित्त आयोगाचा, आमदारांच्या शिफारशीचा, २५१५ या लेखाशीर्षाचा निधी सगळा गावाच्या दुसऱ्या भागात. वस्तीचा निधी हा वरचा घास आहे, त्यामुळे आपले मूळचे ताट काढून घेता येत नाही. वित्त आयोगाचा ग्रामीण निधी येतो त्यातला ८० टक्के थेट ग्रामपंचायतीला मिळतो. त्यातला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी राखलेला असतो. वस्तीच्या तुंबलेल्या नाल्या त्यातूनच व्हायला हव्यात. शिवाय ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातला १५ टक्के भाग मागासवर्गीयांसाठी खर्च करायचा असतो. तो कशावर झाला हे विचारायला माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा अर्ज पुरतो, आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही लागत नाहीत.

मागणीत काय लिहायचे?

'आमच्या वस्तीत रस्ता करून मिळणेबाबत' असा एका ओळीचा अर्ज देऊ नका. त्याने रस्ता मिळेल, पण वर सांगितला तसाच मिळेल. अर्जात आरोग्याच्या नजरेने काम मोजून लिहा.

वस्तीतल्या रस्त्यासाठी: जुना थर खोदून काढूनच नवे काँक्रीट करावे आणि रस्त्याची पातळी घरांच्या उंबरठ्याच्या खाली राहावी. रस्त्याच्या आधी नाली व्हावी, मागून नाही. नालीवर मजबूत ढापे असावेत, आणि नालीचा उतार कुठे जाऊन मिळतो ते नकाशात दाखवावे. १०८ ची गाडी आत येऊन वळू शकेल एवढी जागा किमान एका ठिकाणी असावी. विहार, अंगणवाडी आणि सार्वजनिक नळापाशी चाकाची खुर्ची जाईल असा उतार असावा. दिवे लावावेत, कारण अंधारात साप-विंचू आणि उघडी नाली यांचा धोका सारखाच.

सडकेसाठी: शाळा, बसथांबा आणि वस्तीचे तोंड या ठिकाणी पांढरे पट्टे, सूचनाफलक आणि गतिरोधक. गतिरोधकही मापाचा हवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच सांगितला आहे. लोक आपसांत मातीचा उंच ढिगारा टाकतात त्याने मोटारसायकलवरची गरोदर बाई उडते, अपघात थांबत नाही. जिथे जागा आहे तिथे पदपथ. त्याच संस्थेच्या मानकाप्रमाणे मोकळी चालायची जागा किमान १.८ मीटर रुंद आणि कडेची उंची १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर म्हातारी माणसे चढतच नाहीत, पुन्हा सडकेनेच चालतात.

हे लिहिण्याआधी एक दिवस वस्तीतून फेरी काढा. फेरीत एक म्हातारी, एक गरोदर किंवा लेकुरवाळी बाई, एक अपंग व्यक्ती आणि दोन शाळकरी पोरे हवीतच. ते जिथे अडखळतात, जिथे थांबतात, जिथे पोर धावत सुटते, तिथे वहीत खूण करा. मोबाइलवर फोटो काढा. गेल्या दोन-तीन वर्षांत वस्तीतले कोण कोण पडले, कुणाला गाडीने ठोकरले, तारीख आणि दवाखाना लिहून काढा. हा तुमचा केसपेपर. नेत्याच्या भाषणापेक्षा त्याला जास्त वजन असते.

ही फेरी बायांनी काढावी असा आमचा आग्रह आहे. पुरुष रस्ता मागतात तेव्हा गाडी डोळ्यासमोर असते. बाया मागतात तेव्हा डोक्यावरची गुंडी आणि काखेतले लेकरू असते.

मग ही यादी ग्रामसभेत न्या. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात, आणि त्याआधी महिलांची सभा व्हायची असते. महिला सभेत ठराव घ्या, तो मुख्य ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहिला गेला का ते पाहा आणि ठरावाची सही-शिक्क्याची प्रत मागा. ठरावानंतर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश अशी वाट असते. कुठल्या पायरीवर कागद अडला हे दर महिन्याला एका बाईने जाऊन विचारायचे. पाळी लावून घ्या, एकटीवर टाकू नका. काम सुरू झाल्यावर अंदाजपत्रकाची प्रत हातात घेऊन उभे राहा. जुना थर खोदला का, नाली आधी झाली का, हे पाहायला इंजिनिअरची पदवी लागत नाही.

अपघात झालाच तर

रस्ता सुधारेपर्यंत अपघात थांबणार नाहीत, म्हणून एवढे प्रत्येक घरात ठाऊक हवे.

जखमीला लगेच ओढून उठवू नका. गाडीखाली किंवा आगीजवळ असेल तरच हलवा, आणि मान-पाठ सरळ ठेवून तिघाचौघांनी एकदम उचला. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कपड्याची घडी घट्ट दाबून धरा. सारखी काढून पाहू नका. हळद, चुना, चहापत्ती काहीही लावू नका. बेशुद्ध किंवा अर्धवट शुद्धीत असलेल्याला पाणी पाजू नका. १०८ ला फोन करताना गावाचे नाव, जवळची ठळक खूण आणि जखमी किती ते सांगा. डोक्याला मार लागलेला माणूस उठून चालायला लागला तरी दवाखान्यात न्याच. उलटी, गुंगी, कानातून किंवा नाकातून पाणी आले तर एक मिनिट घालवू नका.

मदत केली तर पोलीस मागे लागतील ही भीती सोडा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ प्रमाणे मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही, आणि त्याच्यावर नाव सांगायचीही सक्ती नाही. २०२५ पासून अपघातग्रस्ताला नोंदणीकृत दवाखान्यात पहिले ७ दिवस दीड लाखापर्यंत विनारोकड उपचार देण्याची केंद्राची योजना आहे. ठोकरणारी गाडी पळून गेली आणि सापडली नाही, तरी मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपयांची भरपाई आहे. त्यासाठी पोलिसांत नोंद आणि दवाखान्याचे कागद लागतात. आपसांत मिटवून घेण्याच्या नादात नोंदच होत नाही आणि मोडलेल्या पायाचा खर्च सावकाराच्या दारात जातो. नोंद करा.

आता काय करायचे

आपल्या जिल्ह्यातून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो. ५५ हजार कोटींहून जास्त पैसा त्यावर खर्च झाला. त्यावर पायी माणसाला पाऊल ठेवता येत नाही, आणि त्यात चूक काही नाही, तो त्यासाठी बांधलेलाच नाही. पण तेवढा निधी उभा करू शकणाऱ्या राज्याला वस्तीच्या तोंडाशी चार पांढरे पट्टे, शंभर मीटर झाकलेली नाली आणि उंबरठ्याखाली राहणारा रस्ता परवडत नाही, हे आम्ही मान्य करणार नाही. तुम्हीही करू नका.

पुढच्या ग्रामसभेच्या आधीचा एक रविवार धरा. विहारात जमा, फेरी काढा, वही भरा. त्या वहीचे पहिले पान असे असू द्या: कोण पडले, कुठे पडले, कुणाचा रस्ता. बाकीचे कागद त्यातून निघतात.